माझं पीं-पीं बंद केलं तेव्हा

मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो. वीज गेली की पोटातल्या बॅटरीवर थोडा वेळ यंत्रं चालू ठेवायची, हे माझं काम. सध्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकाशेजारी, भंगारवाल्याची वाट बघत बसलो आहे. दिसायला काळा, चौकोनी आणि धोंड्यासारखा जड. मला उचलताना आजवर एकाही माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघालेला नाही.

कारखान्यात माझ्या पोटात बॅटऱ्या बसवल्या, पाठीला पंखा लावला आणि शेवटी एक छोटा भोंगा दिला. "बोलतोय का बघ रे," कोणीतरी म्हणालं, आणि मी पीं-पीं केलं. मला तेवढीच भाषा येते.

तिथून मी या घशाच्या दवाखान्यात आलो. काही रुग्णांचं स्वरयंत्र शस्त्रक्रियेत काढून टाकावं लागतं. इथल्या मॅडम त्यांचा आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. मग पुढे त्या माणसाने बटण दाबलं की त्याच्याच आवाजात शब्द ऐकू येतात. केवढं मोठं काम, नाही का?

हे सगळं एका मोठ्या यंत्रात साठायचं. त्यात तीन सर्व्हर राहायचे. वेगळे डबे नव्हेत हं, एकाच घरात तीन बिऱ्हाडं असावीत तसे. त्यांना आभासी सर्व्हर म्हणतात. एकाकडे रुग्णांच्या वेळा, दुसऱ्याकडे अहवाल आणि तिसऱ्याकडे आवाज. हे सर्व्हर सांभाळायला येणाऱ्या ताईने मला वायरीने त्या यंत्राला जोडलं आणि शिकवलं, "वीज गेली की जरा थांबायचं. नाहीच आली, तर बॅटरी संपायच्या आत यंत्राला 'झोपा आता' असा निरोप द्यायचा." निरोप मिळाला की आधी आवाजाचा सर्व्हर हातातलं लिहून पुरं करणार आणि झोपणार, मग बाकीचे दोघे, शेवटी मोठं यंत्र.

"म्हणजे आम्ही काहीच करायचं नाही?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, सगळं आपोआप. फक्त अधूनमधून मुद्दाम वीज घालवून बघा. आणि हा पीं-पीं करायला लागला की मला फोन करा. बॅटरी म्हातारी झाली की याचा अंदाज चुकतो."

पुढची काही वर्षं मी ताठ मानेने काम केलं. वीज जायची, मी निरोप द्यायचो, सगळे शहाण्या मुलांसारखे झोपायचे. मॅडम माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायच्या, "गुणाचा आहे हो हा!" ती थाप मला अजून आठवते.

मग माझी बॅटरी थकली आणि मी पीं-पीं सुरू केलं. पण माझी खोली रेकॉर्डिंगच्या खोलीला लागून होती. एक आजोबा नातवासाठी दोन शब्द बोलत होते आणि मधेच मी! आजोबा हसले. मॅडम मात्र वैतागल्या. "अहो, याचं तोंड बंद करता येतं का?" त्यांनी कारकुनाला विचारलं. त्याने बटण दाबून धरलं. "हुश्श! सुटलो एकदाचे," असं म्हणून दोघं कामाला लागले. मॅडम वाईट नव्हत्या, मित्रांनो. बाहेर रुग्णांची रांग होती. ताईला फोन करायचा तेवढा राहून गेला.

एके दुपारी कपडे शिवणाऱ्या एक बाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं स्वरयंत्र काढायची शस्त्रक्रिया होती. सोबत शाळकरी मुलगी होती. कामाची वाक्यं झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता आमचं घरचं घ्या." आणि भिंतीपलीकडून मी ऐकलं, "चिंगे, ऊठ गं! उन्हं डोक्यावर आली. सूर्याला परत पाठवू का तुझ्यासाठी?"

"आई, हे पण भरायचं?" मुलगी खुदकन हसली.

"भरायचं तर! उद्यापासून तुला उठवणार कोण? शेजारीण?"

त्या उठून निघाल्या, आवाज अजून साठत होता, आणि वीज गेली. शिकवल्याप्रमाणे मी थांबलो. मला वाटलं, बॅटरी पुष्कळ आहे. पण निरोप द्यायच्या आतच माझा जीव गेला, आणि तिन्ही सर्व्हर लिहिता लिहिता तुटले.

थोड्या वेळाने वीज आली. "आली गं बाई!" म्हणत सगळे कामाला लागले. वेळा दिसल्या, अहवाल दिसले, म्हणून आवाज उघडून कोणी बघितलेच नाहीत. दिवसअखेरीस आपोआप निघणारी जादा प्रतही फुटक्या फाइलचीच निघाली. दुसऱ्या सकाळी बाईंची शस्त्रक्रिया झाली.

मग एक दिवस मॅडम बाईंच्या आवाजाची बटणं तयार करायला बसल्या. फाइल उघडेना. ताई धावत आली, तिने खूप खटपट केली आणि शेवटी म्हणाली, "हा आवाज आता परत मिळायचा नाही."

"त्यांना परत एकदा बोलवून..." मॅडम म्हणाल्या, आणि मधेच थांबल्या. मग ओंजळीत तोंड लपवून त्या रडल्या. मलाही रडावंसं वाटलं, पण माझा भोंगा बंद होता.

आज त्या बाई तपासणीला आल्या आहेत. गळ्याला रुमाल आहे. माझ्या शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या आहेत.

"आई, तू असंच म्हणायचीस ना? चिंगे, ऊठ गं..."

बाई मानेनेच नाही म्हणतात. बोटाने बाकावर ठेका धरतात. 'ऊठ'वर जोर नाही, 'गं' लांबवायचा.

"चिंगे, ऊठ गंऽ... असं?"

पुन्हा नाही. पुन्हा ठेका.

आतल्या खोलीत नवा यूपीएस पीं-पीं करतो आहे. मॅडम रेकॉर्डिंग थांबवून म्हणतात, "आधी ताईला फोन लावा." मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असं पीं-पीं करत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी, त्याला काय झालंय ते एकदा विचारा.

"चिंगे, ऊठ गंऽऽ. उन्हं डोक्यावर आली..."

बाईंचं बोट थांबलं आहे. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला आहे. मी त्या दुपारी भिंतीपलीकडून ऐकलं होतं, म्हणून सांगतो. अजून थोडं चुकतं आहे. पण बाई हो म्हणाल्या.