ताईने गाळलेला धडा

वैद्यकीय महाविद्यालयाचा डिजिटल संग्रह ताईने एकहाती उभा केला होता. रोगांचे हजारो फोटो होते त्यात. पण फोटोखालची माहिती धड नसली, तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. ती माहिती कशी लिहायची, हे तज्ज्ञ डॉक्टरांना शिकवायचं काम प्राचार्यांनी ताईवर सोपवलं. पहिल्याच दिवशी वर्गात येऊन बसली ती तिची सख्खी धाकटी बहीण, त्वचारोगतज्ज्ञ.

ताईच्या पोटात दुखलं. घरी आई पाहुण्यांना आधी धाकटीची ओळख करून द्यायची, 'आमची डॉक्टर' म्हणून. ताईची पाळी येईपर्यंत चहा संपलेला असायचा. निदान ही खोली तरी आपली, असं ताई धरून चालली होती. इथेही धाकटीने आठवड्यात बाजी मारली. तिच्या नोंदी पाहून प्राचार्य म्हणाले, पुढच्या तुकडीला हिनेच शिकवावं. ताई हसली खरी, पण आतून जळून खाक झाली.

शास्त्रीय नावाशेजारी लोकांच्या तोंडचं नावही लिहायचं, हा शेवटचा धडा. त्या दिवशी धाकटी दवाखान्यात अडकली. तिने नंतर विचारलं, तेव्हा विशेष काही नव्हतं, असं ताईने सांगून टाकलं.

महिन्याभरात तक्रार आली. आरोग्यसेविका 'खरूज' लिहून शोधत होत्या आणि धाकटीने नोंदवलेला एकही फोटो येत नव्हता. भर बैठकीत प्राचार्यांनी ताईला विचारलं, हे शिकवलंच नव्हतं का? ताईच्या मनात फुटणाऱ्या उकळ्या तिथेच विरल्या.

धाकटी उठली. "ताईने शिकवलं होतं. माझ्याच डोक्यातून गेलं."

ताईने तिला जिन्यात गाठलं. "खोटं का बोललीस?"

"तुला बोलणी बसली असती. आणि तू का लपवलंस, ते मला कळत नाही होय?"

ताईला शरमेपेक्षा रागच जास्त आला. म्हणजे आता चांगुलपणातही हीच पुढे! तरी दुपारी ती खुर्ची ओढून धाकटीशेजारी बसली. पेशंट काय म्हणतात ते आठव, असं म्हणत तिने खरूज, नायटा, गजकर्ण, एकेक शब्द तिच्याकडून भरून घेतला. संध्याकाळपर्यंत फोटो सापडू लागले.

पुढच्या तुकडीला दोघी मिळून शिकवतात. ताई एकही धडा गाळत नाही. धाकटी बोलायला उभी राहिली की वर्ग खिळून बसतो, आणि ताईला ते अजूनही सलतं.