निळे पेट्रोल, पांढरे पान

मित्रांनो, दोन खुर्च्या, एक प्रोपेलर आणि टाकीभर हेवा घेऊन मी चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या कडेला उभे आहे. मला शिकाऊ विमान म्हणतात. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझे पत्रे रिव्हेट मारून जोडले गेले. मग मला सुटे करून, खोक्यांत भरून बोटीने इकडे आणले आणि इथल्या वैमानिक शाळेत पुन्हा जोडले. तेव्हा माझा रंग असा पांढरा होता की उन्हात माझ्याकडे बघताना लोक डोळ्यांवर हात धरत. शाळांच्या सहली आल्या की मुले माझ्या चाकाला हात लावून जात. माझ्यावर शिकलेली कितीतरी माणसे आज मोठी विमाने चालवतात. त्यांतले कुणी परत भेटायला आले नाही. हेवा करायची सवय मला तिथूनच लागली असावी.

पुढे शाळेने नवे विमान घेतले. त्याच्यात काट्यांच्या तबकड्या नाहीत, चकचकीत पडदे आहेत. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, जागा एकाचीच होती. ती त्याला मिळाली आणि मी बाहेर आले. धुळीने आणि उन्हाने माझे पंख पिवळट पडले. टाकीच्या झाकणाखालचे रबरी वायसर वाळून तडकले. आमचे मिस्त्री मोहियोद्दीन चाचा ते बदलायला रोज सांगत आणि रोज कुणीतरी "बघू" म्हणे.

अशा दिवसांत रईसा आली. सिल्लोडची मुलगी, वडील मुख्तारभाई कापसाचे व्यापारी. वैमानिकाचा परवाना तिने मिळवला होता. आता तिला विमानकंपनीत जायचे होते. कंपनीला उड्डाणाचे तास हवे होते आणि पदवीही हवी होती. तासांसाठी ती आमच्याकडे शिकवू लागली आणि पदवीसाठी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला बसली. सकाळी माझ्यासोबत, दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, संध्याकाळी पुन्हा माझ्यासोबत. शिकवायला ती नवे विमान सोडून मला घ्यायची. "याचं सगळं हाताला कळतं," असे ती एकदा म्हणाली. ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

पण ती एकटी कधी येत नसे. तिच्या काखेत रसायनशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक असे. विद्यार्थी माझी तपासणी करत असला की ती माझ्या पंखाखाली बसून वाचे. सावली माझी आणि नजर पुस्तकावर! पुस्तकावरून नजर उठलीच तर ती सकाळच्या प्रवासी विमानाकडे जाई. ते उतरू लागले की ती वाक्य अर्धे सोडून बघत राही. त्याच्या एका चाकात माझे अख्खे इंजिन मावेल. मी तिला काय देऊ शकत होते? फक्त तास. आणि प्रत्येक तास तिला माझ्यापासून दूर नेत होता, हे हिशेबाचे कोडे मला कधीच सुटले नाही.

तिचा विद्यार्थी होता सोयगावचा काकासाहेब. एकोणीस वर्षांचा, मिसरूड नुकतेच फुटलेले. पहिल्या दिवशी नाव ऐकून रईसा म्हणाली होती, "मी तुला काका म्हणू, की साहेब?" तो लाजून म्हणाला, "काय बी म्हना मॅडम, पर उडवायला शिकवा."

पहिले एकट्याचे उड्डाण ही आमच्याकडे मोठी गोष्ट असते. काकासाहेबाचे ते उड्डाण रईसाच्या परीक्षेमुळे सारखे पुढे जात होते. शेवटी तिने शेवटच्या पेपरचाच दिवस दिला. सकाळी लवकर त्याला उडवायचे आणि मग स्कूटीवरून पेपरला जायचे. हा पेपर चुकला की पदवी एक वर्ष लांबणार आणि विमानकंपनीची मुलाखत हातची जाणार. काकासाहेबाची आई मनकर्णाबाई पहिल्या यष्टीने आली होती. डोक्यावर पदर, हातात भाकरीचा डबा, कुंपणाला टेकून उभी.

"तुम्हीच मॅडम व्हय?" ती रईसाला म्हणाली. "आगं बाई, तुम्ही तर पोरगीच हाय की! म्या म्हनलं एखादी जाडजूड बाई असंल."

रईसा हसली. "मावशी, जाडजूड पुस्तक आहे ना माझ्याकडं, तेवढं पुरे."

आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडला होता. नवे विमान हँगरमध्ये कोरडे राहिले. माझ्या तडकलेल्या वायसरमधून पाणी टाकीत उतरले. मला ते जड आणि गार लागत होते. पाण्याने इंजिन गुदमरते, आणि जमिनीवर गुदमरले तर ठीक. हवेत गुदमरले तर खाली फक्त दगड आणि शेते. आणि माझ्याकडे सांगायला तोंड नाही.

मित्रांनो, यासाठीच उड्डाणाआधी पंखाखालच्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेसारख्या पारदर्शक कपात काढून बघतात. पाणी जड, ते खाली बसते. पेट्रोल हलके, ते वर राहते. दोघांच्या मध्ये रेघ दिसते. रईसाने हे काकासाहेबाला इतक्यांदा शिकवले होते की तो झोपेतही रेघ शोधत असावा. पूर्वी विद्यार्थी तो कप माझ्या पांढऱ्या पंखासमोर धरत. आता पंख पिवळट होता. त्याच्यासमोर सगळेच सारखे दिसे.

काकासाहेबाने कप भरला, पंखासमोर धरला आणि ओरडला, "रेघ नाय मॅडम! एकदम साफ."

"ठीक आहे," रईसा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

बघा, तेवढे बोलायला तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही! क्षणभर मला वाटले, बरेच आहे. धावपट्टीवर पोहोचण्याआधीच मला खोकला येऊ दे, सगळा गोंधळ होऊ दे, तिचा पेपर चुकू दे. ती इथेच राहील. मग कुंपणापाशी मनकर्णाबाई दिसली. ती डबा छातीशी धरून माझ्याकडेच बघत होती, माझ्या मळक्या पंखाकडे, जणू मी तिच्या दारातली गाय आहे. माझ्या टाकीतले पाणी आणखी गार झाले.

इकडे काकासाहेबाला काही चैन पडेना. तो कप घेऊन आला आणि थेट रईसाच्या नाकासमोर, उघड्या पुस्तकावर धरून उभा राहिला. "बघा तर. नायतर परत म्हनसाल, दाखवलं नाय."

कपातून पुस्तकातली अक्षरे दिसत होती. स्वच्छ, काळी, थोडी मोठी. रईसा वाचता वाचता थांबली.

"काकासाहेब, हे निळं का नाही?"

"आँ?"

"आपलं पेट्रोल निळं असतं. मुद्दाम रंग घातलेला असतो त्यात. हे पान पांढरंच दिसतंय." तिने बोट बुडवून वास घेतला. बोट वाऱ्यावर धरले. पेट्रोल असते तर झटकन उडून गेले असते; बोट ओलेच राहिले. तिचा चेहरा उतरला. "रेघ कुठून दिसणार? वर पेट्रोल असेल तर रेघ. हा अख्खा कप पाण्याचा आहे!"

मोहियोद्दीन चाचा धावत आले. कप भरत गेले, रिकामे होत गेले. बऱ्याच वेळाने एका कपात रेघ उमटली आणि तिच्या वर थोडा निळा रंग दिसला. "मैं कबका बोल्या था, वायसर बदलो बोलके," चाचा पुटपुटले. काकासाहेब चाकाला टेकून खाली बसला.

रईसा कुंपणापाशी गेली. "मावशी, आज नाही उडणार तो. चूक माझी आहे. मी त्याला रेघ शिकवली, रंग शिकवला नाही."

मनकर्णाबाईने पोराकडे एकदा पाहिले. मग तिने डबा रईसाच्या हातात दिला. "पोर खाली हाय ना माजं? मग झालं. यष्टी काय, उद्या बी हाय. तू जा पेपराला, खाऊन जा."

रईसा जाण्याआधी मात्र थांबली. ओढणीचे टोक ओले केले आणि तोटीजवळचा पंख घासला. तळहाताएवढा पांढरा तुकडा निघाला. घड्याळ पुढे पळत होते आणि ती माझा पंख पुसत होती. त्या थोड्या वेळात पुस्तक माझ्या चाकाशी पडले होते, बंद.

पेपरला ती वेळेत पोहोचली. दुसऱ्या दिवशी नवे वायसर बसवून काकासाहेब एकटा उडाला आणि मनकर्णाबाईने कुंपणाशी सगळ्या शाळेला भाकरी वाटली. पदवी आली, मुलाखत झाली, रईसा गेली. जाताना पुस्तक माझ्या खुर्चीमागच्या कप्प्यात ठेवून गेली. आता माझे पंख दर आठवड्याला धुतले जातात, तरीही काकासाहेब कप आधी त्या पुस्तकाच्या पानासमोर धरतो आणि नव्या मुलांना विचारतो, "रंग कोनता?"

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू निमूट काम करत असेल. ती तक्रार करणार नाही. तिचे झाकण, तिचा रंग, तिचा आवाज तुम्हीच अधूनमधून नीट उजेडात बघा, आणि बिघडलेले छोटे काही दिसले तर "बघू" म्हणू नका.

सकाळचे ते प्रवासी विमान अजून येते. कधी कधी ते रईसा चालवत असते. ते उतरले की मी आणि ते पुस्तक, दोघेही तिकडेच बघत बसतो. पुस्तकाचा हेवा संपला. आता आम्ही दोघे मिळून त्या विमानाचा करतो.