चाळणीखाली कुणी नाही

पेई-युन सकाळपासून सूक्ष्मदर्शकाभोवती नुसती घुटमळत होती. त्याला डोळा लावायची काही तिची छाती होत नव्हती.

प्रयोग तसा साधा. प्याल्यात प्याला, मध्ये बारीक चाळणी. वर तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी, खाली मूळपेशी. सुजेने चिडलेल्या मूळपेशी एक संदेश सोडतात आणि कॅन्सरच्या पेशी त्याच्या मागे चाळणीतून खाली उतरतात. रोग पसरायची ही एक वाट, असं तिचं म्हणणं. तो संदेश औषधाने अडवला, की पेशी जागच्या हलू नयेत. दोनदा तसं झालंही होतं. आज झालं नाही तर प्रयोगशाळेचे प्रमुख त्साई सर हे काम कायमचं गुंडाळणार होते.

त्यात बाबा येऊन बसलेले. आयुष्यभर सुपारी पिकवली आणि तीच चघळली; गेल्या वर्षी गालातली गाठ काढावी लागली. आज पिंगतुंगच्या गावाहून काओश्युंग शहरात येऊन, तपासणीचा निकाल घेऊन, हातात लालचुटूक जाम फळांची पिशवी घेऊन ते थेट लेकीकडे आले होते. निकाल त्यांनी सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. भीती तीच.

एवढ्यात मागून कुरुमकुरुम आवाज आला.

"बाबा! काय खाताय?"

"हेच. यंत्रावर होतं."

पेई-युन गर्रकन वळली. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर ठेवलेली खाऊची हिरवी पुडी! ती कुणी उघडत नाही, हे तैवानात शेंबडं पोरही जाणतं.

"अहो, ती यंत्राची होती!"

"यंत्राला दात आहेत का? वर्षभर पेज पितोय गं मी. हे बघ कसं तोंडात विरघळतंय!"

आरडाओरडा ऐकून आत आलेल्या त्साई सरांनी रिकामी पुडी पाहिली. अंधश्रद्धेवर तासन्‌तास बोलणारा हा माणूस पैशाचं पाकीट घेऊन जिन्याकडे धावला आणि नवी पुडी घेऊन धापा टाकत परतला.

"सर, ही पिवळी आहे!" पेई-युन किंचाळली. "पिवळीने यंत्र रुसतं!"

"हिरव्या संपल्या होत्या. मी काय करू?"

"तुम्ही भांडत बसा," म्हणत बाबांनी सरळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अगं, इथे तर कुणीच नाही."

"कुणीच नाही?"

"चिटपाखरूसुद्धा नाही."

"खूण कुठली? लाल की निळी?"

"लाल."

लाल म्हणजे औषधाचा प्याला. तिने बाबांना बाजूला सारलं. बिनऔषधाच्या, निळ्या खुणेच्या चाळणीखाली पेशींची जत्रा भरली होती. लाल खुणेखाली शुकशुकाट. तिने पुन्हा पाहिलं आणि मग अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. सर स्टुलावर बसून पिवळी पुडी फोडून खाऊ लागले.

"खाली कुणी नाही म्हणून एवढा गोंधळ?" बाबा म्हणाले. "मग माझ्यासाठीही जरा ओरडा. डॉक्टरीणबाईंनीही आज तेच सांगितलं. गालात नाही, मानेत नाही. कुठेच काही नाही."

"हे आधी नाही का सांगायचं!"

"तू विचारलंस कुठे? मला वाटलं, पोरगी घाबरली आहे. आधी हिचं होऊ दे."

पेई-युन सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात पडली आणि भोकाड पसरून रडली. बाबा अवघडून उभे राहिले, मग हळूच तिच्या पाठीवर थोपटू लागले.

"तोंड धू," ते म्हणाले, "आणि जाम खा. मलाही एक बारीक चिरून दे."