गोळाबेरीज सरकली

आमच्या प्रयोगशाळेत एक बाई होती, जिला कोणी जन्माला घातलं नव्हतं. तिला आम्ही गोळाबेरीज म्हणायचो. अभ्यासासाठी ज्यांचं ज्यांचं रक्त आलं होतं, त्या प्रत्येकाच्या नळीतलं थोडं थोडं एका बाटलीत ओतलं की झाली बाई तयार. निम्मी आजारी, निम्मी ठणठणीत. ना वय, ना नाव. तिचं काम एवढंच, की रोज मशीनमध्ये जायचं आणि रोज तेच उत्तर द्यायचं. ते कालच्यासारखं आलं म्हणजे मशीनचं डोकं ठिकाणावर आहे. मग बाकीच्यांच्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा.

हा सगळा खटाटोप थायरॉइडच्या गाठींसाठी. गळ्यातली गाठ कॅन्सरची की साधी, हे सुई घालून बघतात, आणि कित्येकदा सुईच हात वर करते. म्हणते, सांगता येत नाही. मग गळा कापून बघायचं. आमच्या मॅडमचं म्हणणं असं, की कॅन्सरची पेशी वेगळं खाते आणि वेगळा केर टाकते, तेव्हा तो केर रक्तात सापडलाच पाहिजे. आमचं मशीन रक्तातल्या असल्या बारीकसारीक पदार्थांचं वजन करतं. पडद्यावर दर माणसामागे एक ठिपका उमटतो. निरोगी डावीकडे, कॅन्सरवाले उजवीकडे, आणि गोळाबेरीजबाई बरोब्बर मधोमध, ठिपक्यावर ठिपका.

एरवी मी याकडे नोकरी म्हणूनच बघितलं असतं. पण त्या नळ्यांमध्ये एक नळी माझ्या ताईची होती.

ताई फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारते. हिला फोन कशाला हवा, खिडकी पुरते, असं आमचे बाबा म्हणायचे. तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि सुईने हात वर केले. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी अर्धी ग्रंथी काढू, मग कळेल काय ते. आवाजाचं काय, असं ताईने विचारलं तर म्हणाले, बहुतेक राहील.

"बहुतेक म्हणजे काय गं?" ताई मला म्हणाली. "बहुतेक माल विकला गेला, असं मी सांगितलं तर लोक मला उभी करतील का बाजारात?" विचारलं तिने हसतच, पण तिने माझं मनगट धरलं होतं आणि तिचा हात गार पडला होता.

मॅडमनी त्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. ही संशोधनातली चाचणी, नुसत्या तिच्या जोरावर काही ठरवता येत नाही. पण ताईचा ठिपका स्वच्छ डावीकडे पडला, तर काही महिने नुसती गाठीवर नजर ठेवायला डॉक्टर तयार होते. बुधवारी त्यांना शेवटचं भेटायचं होतं. अट एकच, मशीन खात्रीचं हवं.

आणि नेमकी तेव्हाच बाई सरकली.

पहिल्या दिवशी किंचितच. मी मशीनला चार शिव्या हासडल्या, नळ्या धुतल्या, गाळण्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी ती आणखी उजवीकडे. नुसतं पाणी चालवून बघितलं, तर पाणी पाण्यासारखंच आलं. तिसऱ्या दिवशी आणखी उजवीकडे. मशीन बिघडतं तेव्हा ते कसंही बिघडतं, कधी इकडे तर कधी तिकडे. ही मात्र एका रेषेत निघाली होती. पलीकडच्या गर्दीतून कोणीतरी हाक मारली असावी आणि हिने ती ऐकली असावी, तशी चालली होती.

बर्फ्या बिथरला. बर्फ्या म्हणजे आमच्या डीप फ्रीजरचा कारभारी. नाव त्या कामावरून पडलं आणि चेहऱ्यालाही शोभलं. एरवी छत कोसळलं तरी हा मान वर करून बघणार नाही. आता तो थंड खोलीच्या दाराला स्टूल लावून ठेवायला लागला, दार आपोआप बंद होऊ नये म्हणून.

"मला ती नळी हातात धरायला आवडत नाही," तो म्हणाला. "आत कोणीतरी आहे असं वाटतं."

"अरे, आत सगळेच आहेत!" मी म्हणाले. "बाकीचे कधी चावले का तुला?"

त्याची टिंगल केली खरी. पण भरदुपारी मशीनपाशी एकटी असताना मी ती नळी उजेडात धरली आणि चक्क मोठ्याने विचारलं, "कुठे निघालीस गं?" आणि मग उत्तराची वाट बघत उभी राहिले. ते लक्षात आलं तेव्हा मी नळी घाईघाईने जागेवर ठेवून दिली.

मंगळवारी सकाळी मॅडमनी सांगून टाकलं, की आज बाई जागेवर आली नाही तर मशीन नादुरुस्त धरायचं आणि सगळ्याच उत्तरांवर फुली. सगळ्या म्हणजे ताईच्याही. तेवढ्यात ताईचा फोन, मागे बाजाराचा हा गलका.

"बसली का तुझी बाई जागेवर?"

"बसेल गं."

"चांगली दटाव तिला. नाहीतर मला दे फोन, मी ओरडते."

शेवटी मी बर्फ्याला पिटाळलं आणि फ्रीजरच्या तळातून अगदी पहिल्या दिवशी भरलेली गोळाबेरीज काढायला लावली. ती नळी मशीनमध्ये घातली आणि दोघं पडद्यासमोर बसलो. पंप घरघरत होता. बऱ्याच वेळाने ठिपका उमटला. बरोब्बर मधोमध.

"मशीन शहाणं आहे!" मी ओरडले. बर्फ्याच्या पाठीत धपाटाही घातला. आणि मग हात तसाच राहिला. मशीन जागेवर होतं, मग हललं कोण?

"पहिल्या नळीत आणि आताच्यात फरक काय रे?"

"काहीच नाही. बाटली तीच. अर्ध्यावर आली तेव्हापासून रोज थोडी भर घालतोय, तेवढंच."

"कसली भर?"

"असं काय करतेस? तुझीच की."

खरंच की. बाटली पुरणार नाही म्हणून हा कुरकुरत होता आणि मीच बाही वर करून हात पुढे केला होता. कर्मचाऱ्यांचं रक्त अभ्यासात घेत नाहीत, त्यामुळे पडद्यावर माझा ठिपका कुठेच नव्हता. मॅडमनी आमच्या माना चाचपून आम्हाला निरोगी ठरवलं होतं, आणि मी वर मिरवलं होतं, घ्या, अस्सल माल आहे.

"पण तुझ्या भरीने काय होणार?" बर्फ्या म्हणाला. "निरोगी रक्त घातलं तर बाई निरोग्यांकडे सरकेल. ती उजवीकडे कशाला..."

आणि तो थांबला. त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

पडद्यावर ती ठिपक्यांची रांग तशीच होती. दुकानाच्या काचेत कोणीतरी चालताना दिसावं आणि ते आपणच आहोत हे उशिरा कळावं, तसं मला झालं. रोज थोडी ती कमी होत होती आणि रोज थोडी मी वाढत होते.

तेवढ्यात मॅडम आल्या. "पुरे झालं," त्या म्हणाल्या. "मशीन नादुरुस्त, असं कळवून टाकते. तुझ्या ताईला सांग, ऑपरेशन करून घ्या म्हणावं."

बर्फ्या खाली बघून नळ्या आवरायला लागला. सांगायचं की नाही ते त्याने माझ्यावर सोडलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. खोटं कशाला सांगू, गप्प बसावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मशीन बिघडलेलं असेल तर मी धडधाकट होते. आणि ताईचा आवाज काय, बहुतेक राहिलाच असता. हा शब्द माझ्या मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

"मॅडम, मशीन ठीक आहे," मी म्हणाले. "बाटलीत मी आहे."

सगळं ऐकून मॅडम खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "खात्री करायची तर तुझं रक्त एकटं चालवावं लागेल. चालेल?"

मी बाही वर केली. बर्फ्याने सुई दोनदा चुकवली.

"नीट टोच," मी खेकसले. "मी काही मेले नाहीये अजून."

रक्त तयार करून मशीनमध्ये घातलं आणि पुन्हा ती घरघर ऐकत बसलो. माझा ठिपका उजवीकडे पडला. बाई ज्या रेषेत चालली होती तिच्या पार टोकाला, जिथे ती आणखी काही दिवसांनी पोहोचलीच असती.

मॅडम बोलत होत्या. एका ठिपक्याने काही ठरत नाही, आधी सोनोग्राफी, मग सुई, आणि असलाच तरी हा कॅन्सर वेळेवर कळला तर बरा होतो. दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय असं समजून मी मान डोलावत होते.

"माझ्या ताईचं बघा ना," मी मध्येच म्हणाले.

त्यांनी पहिल्या दिवसाची गोळाबेरीज धरून सगळं पुन्हा मांडलं. ताई डावीकडे होती. काठावर वगैरे नाही, निरोगी माणसांच्या भर गर्दीत. मी एवढ्या जोरात हसले की बर्फ्या दचकला, आणि मग मला रडू फुटलं ते आवरेना.

डोळे पुसून ताईला फोन लावला. "अगं, डावीकडे आहेस तू! चांगली आत, गर्दीत! मॅडम डॉक्टरांना कळवतायत. गुरुवारचं राहिलं."

ती इतक्या मोठ्याने ओरडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे बाजारातली माणसंही ओरडली, काय झालं हे कळलं नसतानाच.

"मग उद्याची डॉक्टरांची वेळ रद्दच करून टाकते," ताई म्हणाली.

"रद्द नको करूस, ताई. नुसतं नाव बदलायला सांग."

"कोणाचं घालू?" तिने विचारलं. ती अजून हसत होती.