सूर्यकांत पाटणकरांचा कंडम ट्रॅक्टर

मला थापा मारायची सवय आहे, हे दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. नवीन राहायला आलो तेव्हा तिथे इतकी धूळ उडायची, की एकदा झाडता झाडता मला जिन्याखाली एक जास्तीची खोली सापडली आणि फ्लॅटच्या ड्रॉमध्ये ती कोणालाच लागली नव्हती, असं मी सांगायचे. बायका हसायच्या. आमचे हे बाजूला पेपर वाचत बसलेले असायचे, ते पेपरामागूनच म्हणायचे, "खोली नव्हती, नुसतं बाथरूम होतं." असा आमचा संसार चालला होता.

हे म्हणजे सूर्यकांत पाटणकर. सरकारी बागा सांभाळणाऱ्या एका खात्यात वर्कशॉपचे फोरमन होते. बावीस वर्षं आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढली. गवत कापायच्या मशिनी, पाण्याचे पंप, सगळं ह्यांच्या हाताखाली. आणि एक लाल ट्रॅक्टर. शेतातल्या ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणा, माझ्या कमरेला लागेल एवढा. बागेत गवत कापायला, ट्रॉली ओढायला, माती सपाट करायला. साठ-पासष्ट साली परदेशातून आला होता. पुढून हँडल घालून फिरवलं की सुरू व्हायचा. ब्याण्णव साली त्याचा पिस्टन जाम झाला. बनवणारी कंपनीच बंद पडलेली, पार्ट कुठून आणणार? खात्याने कमिटी बसवली आणि ह्यांनी तपासून लिहून दिलं, दुरुस्ती परवडणार नाही, कंडम करावा. खरं होतं ते. वर्षभराने हे रिटायर झाले आणि त्याच सुमारास ट्रॅक्टर लिलावात कुठल्यातरी भंगारवाल्याकडे गेला.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर हे मायापुरीच्या भंगार बाजारात स्कूटरचा कसलासा पार्ट आणायला गेले, आणि आले ते टेम्पोतून, मागे तो ट्रॅक्टर बांधून.

"त्याला गॅसकटर लावायला घेतला होता," हे म्हणाले. "मी म्हटलं, थांब जरा."

"लोक रिटायर झाल्यावर हरिद्वारला जातात," मी म्हटलं. "तुम्ही मायापुरीला जाऊन हे आणलंत."

"हरिद्वारला पार्ट मिळत नाहीत."

खरं कारण मागच्या जमिनीच्या तुकड्यात होतं. आमच्या सोसायटीच्या मागे बागेसाठी जागा सोडलेली होती. नकाशात हिरवी, प्रत्यक्षात विटा, मलबा आणि कुत्री. कारच्या लोनचे दिवस नुकते सुरू झाले होते. ज्याच्या दारात काल स्कूटर होती त्याच्या दारात आज मारुती, आणि मारुती उभी करायला जागा नाही. वरच्या मजल्यावरचे विलासराव प्रत्येक मीटिंगमध्ये उठून सांगायचे, माती सपाट करून बाग करायला सोसायटीकडे काही नाही, सरळ सिमेंट घाला आणि पार्किंग करा. मग एका मीटिंगला हे उठून म्हणाले, "माती मी सपाट करून देतो. माझ्या मशिननं."

"कुठल्या मशिननं?" विलासरावांनी विचारलं.

"कंडम मशिननं," हे म्हणाले. सगळे हसले, आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. मागच्या व्हरांड्यात चौदा महिने तो ट्रॅक्टर सुटा होऊन पडला होता. सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून अठरा दिवस ठेवलं. रोज सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हे हळूच दोन ठोके मारायचे, आणि मान हलवून चहाला यायचे. एकोणिसाव्या दिवशी पिस्टन हलला. केसभर. मी बायकांना सांगितलं की पिस्टन आतून 'आलो आलो' म्हणाला. मग दुसऱ्याच कुठल्या मोटारसायकलचा पिस्टन आणून, तो लेथवर घासून ह्याला बसवला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारा डबा, त्यातली कॉइल चांदणी चौकाकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून नव्याने गुंडाळून आणली, केसासारखी तांब्याची तार. इंजिनाच्या जोडात बसणारं गॅस्केट ह्यांनी शीट आणून माझ्या शिवणाच्या कात्रीने कापलं, तेव्हा आमचं दोन दिवस भांडण होतं. टॉर्च धरायला मी. चौदा महिन्यांत मला त्या इंजिनाचा एकूण एक स्क्रू ओळखीचा झाला होता, ही थाप नाही.

मायापुरीचा एक रिवाज होता. जुना पार्ट दिला की नव्याचा भाव कमी. आणि बिल कोणी देत नसे, कोणी मागतही नसे. ह्यांनी जुना पिस्टन दिला, जुन्या रिंगा दिल्या, जळकी कॉइल दिली. जे बिघडलेलं होतं ते सगळं देऊन टाकलं. तीस वर्षं सरकारात प्रत्येक खिळ्याची नोंद ठेवणारा माणूस, पण हे घरचं काम होतं ना.

शहाण्णवच्या संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला. सातव्यांदा हँडल फिरवलं तेव्हा काळा धूर सोडून खोकला, आणि मग चालायला लागला. ह्यांनी मागच्या तुकड्यात एक पट्टा सपाट करून दाखवला. वरून सगळे गॅलरीतून बघत होते. रिटायरमेंटला ह्यांच्या गळ्यात हार घातला तेव्हासुद्धा हे असे दिसले नव्हते.

त्याच आठवड्यात माझ्याकडे हळदीकुंकू होतं. खोली बायकांनी भरलेली. विलासरावांची प्रमोदिनी तिळगूळ तोंडात टाकत म्हणाली, "वहिनी, एक विचारू का? राग नका मानू. आमचे हे म्हणत होते, पाटणकरसाहेबांनी जे मशिन कंडम म्हणून लिहून दिलं तेच आता चालतंय. म्हणजे साहेबांना मशिनमधलं तेव्हा काही कळत नव्हतं का?"

दोघी-तिघी हसल्या. माझ्या हातात अत्तरदाणी होती. चौदा महिने टॉर्च धरलेला माझा हात.

"कळत नव्हतं?" मी म्हटलं. "अगं, त्यांना इतकं कळतं की त्यांनी त्यातला एकच स्क्रू काढून खिशात टाकला होता. एवढुस्सा. खात्यातले सगळे इंजिनिअर डोकं धरून बसले, कोणाला सापडेना. परवा तोच स्क्रू परत बसवला, झालं, सुरू."

"बापरे," कोणीतरी म्हणालं.

"धोतराच्या कनवटीला बांधून ठेवला होता चार वर्षं," मी म्हटलं. "झोपताना टोचायचा."

ह्यांनी आयुष्यात धोतर नेसलेलं नाही. सगळ्या इतक्या हसल्या की प्रमोदिनीला ठसका लागला. मी खूश. तिचं तोंड बंद केलं म्हणून खूश.

फेब्रुवारीच्या शेवटी खात्याचं पत्र आलं. बेनामी तक्रार आली आहे. फोरमन पाटणकर यांनी चालू यंत्रातला स्क्रू मुद्दाम काढून ते कंडम दाखवलं आणि नंतर भंगाराच्या भावात स्वतः मिळवलं. चौकशी होईल, आरोप खरा ठरला तर पेन्शनवर कारवाई होईल.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"स्क्रूचं कोणाला सांगितलंस?"

"हळदीकुंकवाला."

"कोण कोण होतं?"

"सगळ्याच."

ह्यांनी पत्राची घडी घातली. पेपरामागून बोलतात तसं काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले.

मग हे कागद शोधायला लागले. बिल एकही नाही. जुना पिस्टन दाखवला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं की बिघाड खरा होता, पण तो कधीच वितळून गेलेला. कारागिराकडे जाऊन आले, तो म्हणाला, "बाबूजी, मैं लिखके नहीं देता, मुझे कोर्ट-कचहरी नहीं चाहिए."

मी ह्यांना न सांगता बस पकडून चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. मेहंदीरत्ता म्हणून होते, सभ्य माणूस. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहब, वो स्क्रूवाली बात मैंने झूठ बोली थी," मी म्हटलं. "मेरी आदत है."

"झूठ बोलने की?"

"हां जी. सबको मालूम है. आप सोसायटी में किसी से भी पूछ लो."

ते हसले. "माताजी, पति के लिए बीवी यही कहेगी. मैं भी आपकी जगह होता तो यही कहता." मग जरा थांबून म्हणाले, "देखिए, सीधी बात है. पंद्रह तारीख को मैं खुद आऊंगा. मशीन चल पड़ी तो रिपोर्ट उनके खिलाफ जाएगी. नहीं चली तो शिकायत झूठी. इतना ही फाइल में लिखना है."

आयुष्यभर थापा मारल्या आणि लोकांनी मजेने ऐकल्या. खरं बोलायला एकदाच दोन बस बदलून गेले होते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "नका सुरू करू त्या दिवशी. पेट्रोल बंद ठेवा, काहीही करा."

"तो चालतो," हे म्हणाले. "चालणारं मशिन चालत नाही म्हणून मी सांगू?"

"पेन्शन जाईल."

"जाऊ दे. मी काय केलंय ते बघेल तरी कोणी. त्याला इंजिन उघडून दाखवीन, पिस्टन दाखवीन."

"त्याला पिस्टन कळत नाही हो. त्याला चाललं की नाही चाललं एवढंच लिहायचंय."

"मग लिहू दे, चाललं म्हणून."

"आणि लोक? लोक चोर म्हणतील."

"ते तू आधीच म्हणवून घेतलंस," हे म्हणाले आणि उठून व्हरांड्यात गेले.

पंधरा मार्चला दुपारी जेवून हे आडवे झाले. मेहंदीरत्ता चारला येणार होते. मी शिवणाची कात्री घेतली. मॅग्नेटोचं झाकण दोन स्क्रूंनी बसतं, ते मला काढता येत होतं. आत ती कॉइल, केसासारख्या तारेची. कापायला काहीच जोर लागला नाही. केळीचं पान कापायला लागतो तेवढासुद्धा नाही. झाकण लावलं, हात साबणाने धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.

चारला साहेब आले, बरोबर फाइल घेतलेला कारकून. सोसायटी सगळी खाली जमली होती. विलासरावही होते, हाताची घडी घालून, ऑफिसातून हाफ डे घेऊन आलेले. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेट्रोलचा कॉक उघडला, हँडल घातलं, फिरवलं. नाही. परत फिरवलं. नाही. बाराव्या वेळेला ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आराम से, पाटणकरजी," साहेब म्हणाले.

ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मॅग्नेटोचं झाकण उघडलं. खाली वाकून बघत राहिले. तुटलेली तार आणि कापलेली तार ह्यातला फरक ह्यांना न कळायला काय झालं? एकदा अंगठ्याने चाचपली. माझ्याकडे बघितलं नाही. झाकण परत लावलं, दोन्ही स्क्रू नीट पिळले.

साहेब जमलेल्या लोकांकडे वळले. "किसी ने इसको चलते देखा है? बयान देना पड़ेगा, नाम और दफ्तर के साथ."

चाळीस माणसं असतील. सगळ्यांनी दोन महिन्यांपूर्वी गॅलरीतून तो चालताना बघितला होता. पण सगळ्यांच्या घरी सरकारी नोकरी. दुसऱ्याच्या फाइलमध्ये आपलं नाव घालायला त्यांतला एकही तयार नव्हता. कोणी चपलेकडे बघत होतं, कोणी पोराला वर जायला सांगत होतं. विलासरावांचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. बोलले असते तर तक्रार कोणाची, हे तिथल्या तिथे उघड झालं असतं.

"तो पाटणकरजी, आप क्या कहते हैं?"

"कंडम है, साहब," हे म्हणाले. "मैंने पहले भी यही लिखा था."

कारकुनाने लिहून घेतलं. ह्यांनी सही केली. साहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐसे ईमानदार लोग अब कहां मिलते हैं." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. प्रमोदिनी माझ्या कानाशी आली, "सुटलात बाई, वहिनी. मी तर कालपासून देवापुढे दिवा लावून बसले होते."

पुढच्याच रविवारी मीटिंग झाली. बाग की पार्किंग, मतं मोजायचीसुद्धा गरज पडली नाही, पार्किंगच ठरलं. हे गेलेच नव्हते.

त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा मी धीर केला. त्या दिवसापासून आम्ही मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलत होतो.

"त्या म्हाताऱ्याकडे मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "दुसरी कॉइल करून आणू. होईल ना?"

"होईल की," हे म्हणाले. "न व्हायला काय झालं? दोन दिवसांचं काम आहे."

"मग?"

"पण मग तो चालेल ना," हे म्हणाले, आणि आमटीत भात कालवायला लागले.