डिस्ट्रिब्युटरवरची लाल रेघ

मक्याच्या गिरणीपर्यंत एल्पिदियाची गाडी व्यवस्थित येई. तिथून घराकडचा चढ लागला की तिचा जीव जाई. गेल्या तीन आठवड्यांत ती दोनदा अर्ध्या चढावर बसली होती, आणि दोन्ही वेळा एल्पिदियाला ब्रेक धरून उलट्या दिशेने खाली उतरावं लागलं होतं. मागच्या सीटवर बाजारात विकायच्या, मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमालांची रिकामी पातेली खणखणत होती आणि गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. म्हणून या रविवारी बाजार आटोपल्यावर तिने चढाचा नाद सोडला आणि गाडी रुतिलिओच्या गॅरेजसमोर लावली.

रुतिलिओ दारात खुर्ची टाकून संत्रं सोलत होता. एल्पिदियाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे.

"कोमाद्रे, आज रविवार आहे. आत्ताच हात धुतलेत."

"मळवू नका, कोंपाद्रे. नुसतं ऐका आणि सांगा."

त्याने मागचं झाकण उचललं. क्वाउतेपेकच्या या उतारांवर निम्म्याहून जास्त गाड्या अशाच, गोल पाठीच्या, इंजिन मागे असलेल्या. वोचो म्हणतात त्यांना. रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन वाऱ्यावरच थंड होतं. रुतिलिओने मान तिरकी करून आवाज ऐकला.

"बसलाय आवाज. ठिणगी उशिरा पडतेय. टायमिंग मागे गेलंय."

"जाणं शक्यच नाही," एल्पिदिया म्हणाली. इंजिन बंद करून मागे आली आणि तिने बोट दाखवलं.

ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी नेलपॉलिशची लाल रेघ होती, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनच्या अंगावर. मध्ये कुठेही तुटलेली नाही. चौदा महिन्यांपूर्वी तिचा नवरा फिदेन्सिओ गेला. त्याच्यासाठी नऊ दिवस चाललेल्या जपमाळेच्या शेवटच्या दिवशी माणसं पांगल्यावर तिने ही रेघ ओढली होती. त्याचे शर्ट मुलगी तिहुआनाला घेऊन गेली. त्याच्या बाजूची गादी हळूहळू पुन्हा सपाट झाली. पण डिस्ट्रिब्युटर जागी धरणारा हा बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने शेवटचा आवळला होता, आणि तो तसाच होता. दोन मेकॅनिकांना तिने नुसता पाना जवळ नेला म्हणून हाकलून दिलं होतं.

"रेघ हललेली नाही," ती म्हणाली.

"दिसतंय मला. डोळे अजून आहेत." रुतिलिओने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. "पण इकडे बघा. ही तपकिरी टाच दिसतेय? मधला दांडा फिरतो, हिला घासतो, ही पॉइंट उघडते. पॉइंट उघडला की ठिणगी. आता रोज घासून घासून टाच झिजते. टाच झिजली की पॉइंट कमी उघडतो आणि उशिरा उघडतो." त्याने काड्यापेटीचा पुठ्ठा फाडून पॉइंटच्या फटीत घालून पाहिला. गेला नाही. मग संत्र्याच्या सालांखालचा वर्तमानपत्राचा कपटा घेतला. तोही अडकत गेला. "पुठ्ठा सहज जायला हवा."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहेर तुमची रेघ जागच्या जागी, आणि आत टायमिंग रोज केसभर मागे. फिदेन्सिओने जे लावलं होतं ते कधीच उरलेलं नाही, कोमाद्रे. आत्ता जे आहे ते कुणीच लावलेलं नाही."

एल्पिदियाने झाकणाच्या कडेला हात टेकला. ते तापलेलं होतं, पण तिने हात काढला नाही. चौदा महिने ती सांभाळत होती ती एक रेघ, आणि रेघेच्या आतली वस्तू ती स्वतःच रोज बाजारात जाऊन-येऊन झिजवत होती. गाडी घरी नुसती उभी केली असती तर राहिली असती ती. पण मग ती गाडी कसली?

"करा," ती शेवटी म्हणाली.

"पॉइंट नवे बसवतो. पण तो बोल्ट मी सैल करणार नाही. वर्षभर त्यावरून गल्लीला शिव्या खाताना बघितलंय मी. तुम्ही करा, मी सांगतो."

"मी? आणि पुढे कोण बसणार?"

रुतिलिओ गोंधळला. "पुढे कशाला कुणी?"

"किल्ली फिरवायला. पाय द्यायला. दर चौथ्या रविवारी मी बसायचे पुढे आणि फिदेन्सिओ मागे. 'दे' म्हणाला की दाबायचं, 'सोड' म्हणाला की सोडायचं. 'पुरे' म्हटल्यावर उतरायचं. आरशात नुसतं उघडं झाकण दिसायचं, हा नाही दिसायचा. तास तास बसलेय मी."

"तास?"

"कधी जास्तही. मध्येच काहीबाही विचारायचा. बहिणीचं पत्र आलं का, रात्री काय करणार आहेस. मी ओरडून सांगायचे."

रुतिलिओने हात पुसायला चिंधी घेतली आणि नको तितका वेळ पुसत राहिला. मग कार्बोरेटरच्या बाजूची छोटी तरफ त्याने बोटाने ओढून दाखवली. "पाय द्यायचा म्हणजे हेच. इथूनच होतं, एका बोटाने. आम्ही टॅक्सी चालवायचो तेव्हा तळावर तो एकटाच करायचा, माझ्या गाडीचंसुद्धा. दहा मिनिटांत."

मग तो नवे पॉइंट शोधायला वळला. तिने ती तरफ एकदा स्वतःच्या बोटाने ओढून पाहिली.

पॉइंट बसले, पुठ्ठा फटीतून सहज गेला. रुतिलिओने तिच्या हातात वायरी जोडलेला छोटा दिवा दिला, तो ठेवूनच घ्या म्हणाला, सगळं दोनदा सांगितलं, आणि बायको जेवायला हाक मारतेय असं म्हणून आत गेला. हाक कुणी मारली नव्हती.

एल्पिदियाने पाना लावून पुली फिरवली. पुलीवरची खाच इंजिनच्या मधल्या सांध्यासमोर आली. डिस्ट्रिब्युटरच्या आतला फिरता रोटर पहिल्या सिलिंडरच्या खुणेकडे तोंड करून होता, म्हणजे बरोबर. दिव्याची एक वायर कॉइलला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. पुढे जाऊन किल्ली अर्धी फिरवली, परत मागे आली. मग बोल्टला पाना घातला. बोल्ट घट्ट होता, दोन हात लावावे लागले. फिदेन्सिओ आवळायचा तो असाच. कट्ट असा आवाज झाला आणि तो सुटला.

डिस्ट्रिब्युटर तिने उजवीकडे वळवला, दिवा विझेपर्यंत. लाल रेघ तुटली. मग डावीकडे, अगदी सावकाश, श्वास रोखून. दुपारच्या उन्हात दिवा दिसेना, म्हणून तिने एका हाताची ओंजळ त्याच्यावर धरली. ओंजळीतल्या अंधारात तो लागला. पॉइंट उघडला तो नेमका इथे. तिने डिस्ट्रिब्युटर तिथेच धरून बोल्ट आवळला.

रेघेच्या दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं.

टोपी बसवून तिने इंजिन सुरू केलं. आवाज मोकळा आला, कोरडा आणि चपळ. आता फक्त मागे येऊन तरफ बोटाने ओढून बघायची होती. तिला ते माहीत होतं. तरी ती सीटवरच बसून राहिली. आरशात उघडं झाकण होतं. तिने पाय दिला. सोडला. पुन्हा दिला. मागून कुणी काही विचारलं नाही.

"रात्री आतोलेची पेज आणि कालचा राजमा," ती मोठ्याने म्हणाली. "पत्र नाही आलं."

इंजिन एका लयीत चालू होतं. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच "पुरे" म्हटलं, उतरली आणि झाकण लावलं.

गिरणीपाशी तिने दुसरा गिअर टाकला. चढाच्या मध्यावर, जिथे गाडी दोनदा बसली होती, तिथे तिचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. गरज पडली नाही. पातेली मागे गप्प होती. आरशात आता अख्खा उतार दिसत होता, गॅरेजपर्यंत, आणि रुतिलिओ दारात उभा राहून वर बघत होता.

घरी पोचल्यावर तिने गाडीच्या कप्प्यातली नेलपॉलिशची बाटली काढून दिवा तिथे ठेवला. टाच पुन्हा झिजणारच होती. चौथ्या रविवारी बघायला हवं, तिने ठरवलं. दहा मिनिटांचं काम.