डेमोचं बटण

अभिजित सिंथेसायझरवर जुनी चादर टाकत होता, तेवढ्यात जिन्यावर बाळकृष्णमास्तरांच्या चपला वाजल्या. दुसरी चादर हाताशी असती तर ती त्याने स्वतःवर ओढून घेतली असती.

"नीरा, मी घरात नाही म्हणून सांग."

"स्कूटर खाली उभी आहे," त्याची बायको म्हणाली. "आणि तुझ्या गुरूंशी खोटं मी बोलायचं?"

तिने दार उघडलं. मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले.

दांडिया बाजारातल्या अर्ध्या मराठी घरांना मास्तरांनी पेटी शिकवली होती. मंडळाच्या गणपतीपुढचं शेवटच्या दिवसाचं भजन त्यांच्या पेटीशिवाय कधी झालं नव्हतं. अभिजित लहानपणापासून त्यांचा लाडका चेला. नोकरी बाजव्याच्या रिफायनरीत, जीव मात्र सुरांत. उन्हाळ्यात मेव्हण्याने मस्कतहून हे डिजिटल यंत्र आणलं आणि गड्याच्या डोक्यात वारं शिरलं. विजेतून पहिल्यांदा सूर काढणारी परदेशी माणसं, त्यांची खोली खोली व्यापणारी यंत्रं, ह्या कथा सांगितल्याशिवाय तो केस कापणाऱ्या न्हाव्यालाही सोडेना.

काल मंडळाच्या कार्यक्रमात त्या त्याने माइकवरून सांगितल्या. तेव्हा भिंतीएवढी वायरींची जाळी लागायची, आता सगळे आवाज आकड्यांत बसवून ह्या एवढ्याशा पट्टीत आणलेत, वगैरे. लोक मन लावून ऐकत होते. मग तो वाजवायला बसला आणि बोटं थिजली. महिनाभर घोटलेली गत पार पुसून गेली. समोर मास्तर, मागे सगळा बाजार.

यंत्राच्या कोपऱ्यात डेमोचं बटण होतं. दुकानात गिऱ्हाईक भुलावं म्हणून कंपनीने आत एक धून भरून ठेवलेली. बटण दाबलं की यंत्र आपलं आपण ती वाजवतं. जरा दम घेऊ, असं स्वतःला समजावत त्याने ते दाबलं. मग पट्ट्या न दाबता तो त्यांच्यावरून नुसती बोटं नाचवत राहिला.

धून चांगली होती, हीच पंचाईत. मधे भैरवीच्या अंगाने एक तान अशी उतरली की मांडवात "वाह!" उठला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट.

"अभिजितभाई, बहु सरस वगाड्युं!" फार छान वाजवलं म्हणून मागून कोणी गुजरातीत ओरडलं.

आणि हा उठला, हात जोडून चारी बाजूंना वाकला. तो नमस्कार आठवला की अजून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. नीराने ती धून घरी कितीदा तरी ऐकलेली. कालपासून तिने त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"उद्याच्या भजनाला तू बस," मास्तर म्हणाले.

"मी? आणि तुम्ही?"

"मी पेटी आवरली. क्लासातल्या त्या हेरंबच्या मुलीला देऊन टाकतो. क्लासही आता बस." मास्तर हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "काल तुला ऐकलं ना. आयुष्यभर घासूनही माझ्या बोटांत जे आलं नाही, ते तुझ्या बोटांत आहे. मग ज्याने त्याने आपली पायरी ओळखावी."

नीरा चहाचे कप घेऊन दारातच थांबली. ती मास्तरांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

अभिजितच्या मनात आलं, गप्प बसलं की झालं. कुणाला कळणार होतं? फक्त मास्तरांची पेटी कायमची बंद होणार होती. त्याने चादर ओढून काढली, यंत्र चालू केलं.

"मास्तर, बघा."

त्याने बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

धून सुरू झाली. ती तान आली, गेली. मास्तर एकदा त्याच्या हातांकडे बघत, एकदा यंत्राकडे. धून संपली आणि निलाजऱ्यासारखी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नीराने कप खाली ठेवले आणि भिंतीतली पिन ओढली.

"काल हेच?" मास्तरांनी विचारलं.

"हेच. मी एक सूरही वाजवला नाही." तो त्यांच्या पायाशी वाकला. एक थोबाडीत बसली असती तरी त्याला हलकं वाटलं असतं.

मास्तरांनी झटकन पाय मागे घेतले.

"नको. वाकू नकोस."

"रागवा तरी मास्तर."

"कुठल्या तोंडाने?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे पिलाजीराव सगळ्यांदेखत विचारत होते, ती तान कुणाची म्हणून. मी तुला तसलं काही शिकवलं नव्हतं, हे मला का ठाऊक नव्हतं?"

बोलता बोलता त्यांचा हात, गुरूचं नाव घेताना जातो तसा, कानाकडे निघाला आणि अर्ध्यावरून परत आला.

"मी कानाची पाळी धरली, अभी. म्हटलं, ती तान आमच्या गुरुजींची."

पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला होता. मास्तर उठले, दारात जाऊन पाठमोरेच चपला शोधू लागले.

"उद्या पेटीवर मीच बसतो," ते म्हणाले. "फक्त तू समोर बसू नकोस."